पोट उघडण्यापूर्वी : झरी जामणीतील पोटदुखी, निदान आणि शल्यकर्म

पोटाच्या विकारांवरील शल्यचिकित्सा म्हटली की डोळ्यांसमोर शस्त्रक्रियागृह उभे राहते. प्रखर दिवे, हिरवे कपडे, चकाकणारी उपकरणे. झरी जामणी तालुक्यापुरता विचार केला तर हे चित्र फार उशिराचे आहे. येथील रुग्णाचे भवितव्य बहुधा त्यापूर्वीच ठरून गेलेले असते. पोडावर, अपरात्री, मोबाईलच्या उजेडात चार माणसांनी घेतलेल्या अथवा पुढे ढकललेल्या एका निर्णयाने ते ठरते. म्हणून या विषयाची मांडणी शस्त्रापासून करण्याऐवजी निदानापासून करणे युक्त ठरेल.

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेयेचा हा तालुका. दक्षिणेला पैनगंगा, तिच्या पलीकडे तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा. मुकुटबन, पाटण, माथार्जुन यांसारखी थोडी मोठी गावे सोडली तर उरते ती विखुरलेली वस्ती. कापूस, सोयाबीन, तूर यांची शेती आणि मजुरी यांवर जगणारा समाज, आणि त्यात कोलाम, गोंड, परधान बांधवांची संख्या मोठी. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना आदिम जमाती म्हणून मान्यता आहे, त्यांत कातकरी आणि माडिया गोंड यांच्यासह कोलामांचा समावेश होतो. शल्यचिकित्सकाकडे जायचे तर वणी अथवा पांढरकवडा गाठावे लागते. यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे शंभर किलोमीटरवर, सेवाग्राम आणि नागपूर त्याहून दूर. पोटात दुखू लागल्यापासून टेबलावर झोपेपर्यंतचा हा प्रवास शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी लांब असतो, आणि धोका त्याच प्रवासात असतो.

उदरपोकळी ही मोठी फसवी जागा आहे. बोटाला काटा टोचला तर कोठे टोचला हे लहान मूलही सांगते. आतड्याच्या नसांना मात्र दुखऱ्या जागेचा नेमका पत्ता सांगता येत नाही. अ‍ॅपेंडिक्स, म्हणजे आंत्रपुच्छ, उजवीकडे खाली असते. पण ते सुजू लागते तेव्हा पहिले काही तास दुखते बेंबीभोवती. सूज बाहेरच्या आवरणापर्यंत, म्हणजे उदरावरणापर्यंत पोहोचली की मग वेदना सरकून उजव्या कुशीत खाली स्थिरावते. हा प्रवास रुग्णाच्या तोंडून ऐकला तर अर्धे निदान झाले. तो ऐकलाच गेला नाही, तर पुढे सोनोग्राफीचे यंत्रही कित्येकदा संदिग्ध उत्तर देते.

सुश्रुताचे नाव आपल्याकडे अभिमानाने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चौदाव्या अध्यायात आतड्याचा अवरोध आणि आतड्याला पडलेले छिद्र या दोन्हींवरील शस्त्रकर्म वर्णिलेले आहे. बेंबीच्या खाली, डाव्या बाजूस, रोमराजीपासून चार अंगुळे सोडून छेद घ्यावा, आतडे बाहेर काढून तपासावे, अडकलेला खडा, केस वा मळाचा गोळा दूर करावा, मध व तूप लावून आतडे परत जागेवर ठेवावे आणि बाहेरची जखम शिवावी, असा तो विधी आहे. छिद्र असल्यास त्याच्या कडा जुळवून त्यांवर काळ्या मुंग्यांचा दंश घडवावा आणि मुंग्यांची धडे तोडून मुंडकी तेथेच राहू द्यावीत, असे सांगितले आहे. आतड्यासाठी शरीरात आपोआप विरणारा टाका वापरण्याची ही कल्पना थक्क करणारी आहे. तथापि या गौरवाच्या भरात एक गोष्ट नजरेआड होते. त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात रोगपरीक्षेची सहा साधने सांगितली आहेत : पाच ज्ञानेंद्रिये आणि सहावा प्रश्न. रुग्णाला विचारणे हे निदानाचे स्वतंत्र साधन म्हणून मोजलेले आहे. मुंग्यांची कथा सर्वांना ठाऊक असते. या सहाव्या साधनाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

झरी जामणीत हे सहावे साधन सर्वांत दुर्मीळ आहे. कोलामी ही द्राविड कुळातील भाषा. पोडावरची वृद्ध स्त्री आपल्या वेदनेचे वर्णन तिच्या बोलीत करते, मुलगा ते मराठीत सांगतो, परिचारिका त्याचे दोन शब्दांत टिपण करते आणि तालुक्याबाहेरून आलेल्या डॉक्टरांपर्यंत पोहोचते ते फक्त ‘पोट दुखते’. दुखणे कळा येऊन थांबते की अखंड आहे, हालचालीने वाढते की रुग्ण स्वस्थ पडूच शकत नाही, वांती आधी झाली की वेदना आधी सुरू झाली, हे सारे मधल्या मध्ये गळून जाते. कळा येऊन थांबणारी वेदना अडलेल्या आतड्याची असू शकते. तळमळत कूस बदलणारा रुग्ण मूतखड्याचा असू शकतो. निश्चल पडून राहणारा, खोकला आला तरी पोट धरणारा रुग्ण मात्र उदरावरणदाहाचा समजावा. पोडावरचीच आशा भगिनी हे सर्व त्यांच्या भाषेत विचारू शकते. म्हणूनच तिची नोंद एखाद्या महागड्या यंत्राइतकी मोलाची ठरते.

या भागात पोटदुखीच्या निदानाला आणखी एक मोठी अडचण आहे, आणि तिचे नाव सिकलसेल. सिकल म्हणजे विळा. रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये जन्मजात दोष असल्याने प्राणवायू कमी पडला, शरीरातील पाणी घटले, थंडी वाजली अथवा जंतुसंसर्ग झाला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, ताठरतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. भारतात या दोषाची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. मध्य भारतातील नोंद नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. विदर्भातील आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजांत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक.

या रुग्णांची रक्तवाहिनी पोटात अडली की होणारी वेदना हुबेहूब शल्यविकारासारखी असते. चौदा वर्षांचा मुलगा, पोटात असह्य दुखणे, अंगात थोडा ताप, डोळ्यांत पिवळसर झाक, रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या. पुस्तकाप्रमाणे पाहिले तर अ‍ॅपेंडिक्सचा अथवा पित्ताशयाचा संशय सहज यावा. परंतु सिकलसेलच्या रुग्णात पांढऱ्या पेशी आणि कावीळ एरवीही थोडी वाढलेली असते. अशा मुलाचे पोट उघडले आणि आत काहीच सापडले नाही, तर भूल, थंड खोली आणि पाण्याची कमतरता यांनी मूळ आजार भडकतो व छातीत गुंतागुंत होऊन जीव धोक्यात येतो. ज्याला शिरेतून पाणी, ऊब, पुरेसे वेदनाशामक आणि गरजेनुसार प्राणवायू हवा होता, त्याच्या वाट्याला सुरी येते.

याच्या उलट चूकही तितकीच घातक आहे. सिकलसेलचा रुग्ण म्हणून एकदा शिक्का बसला की त्याची प्रत्येक पोटदुखी ‘नेहमीचीच’ ठरविली जाते. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी सतत फुटत असल्याने पित्ताशयात काळे खडे अगदी तरुणपणीच तयार होतात. पांथरीचा एखादा भाग मरू शकतो, त्यात पू होऊ शकतो. अ‍ॅपेंडिक्सही सुजू शकते. मग भेद कसा ओळखायचा? येथे पुन्हा प्रश्नच कामी येतो. ‘हे दुखणे मागच्यासारखे आहे का?’ असे रुग्णालाच विचारावे. आपल्या नेहमीच्या वेदनेची ओळख त्याच्याइतकी कोणालाच नसते. हातापायांची हाडेही सोबत दुखत असतील, पोट हाताला मऊ लागत असेल, आतड्यांचे आवाज ऐकू येत असतील आणि पाणी व वेदनाशामक दिल्यावर काही तासांत उतार पडत असेल, तर थांबावे. वेदना एकाच जागी बसली, पोट कडक होऊ लागले, वांत्या हिरव्या झाल्या, रुग्ण स्वतः ‘हे वेगळे आहे’ म्हणू लागला, तर थांबू नये. ही तपासणी एकदा करून भागत नाही. दर तीन-चार तासांनी, शक्यतो त्याच डॉक्टरांच्या हाताने, ती पुन्हा करावी लागते.

लहान मुलांत आणखी एक संकट असते. पांथरीत अचानक रक्त साठते, पोट डावीकडून भराभर फुगते आणि मूल काही तासांत पांढरे पडते. यावर उपाय शस्त्राचा नाही, तातडीने रक्त देण्याचा आहे. जमैकामध्ये डॉ. ग्रॅहॅम सर्जंट यांच्या पथकाने अशा मुलांच्या आयांना घरीच पांथरी चाचपून पाहण्यास शिकविले आणि या कारणाने होणारे मृत्यू ठळकपणे घटले. निरक्षर आईच्या बोटांनाही निदान करता येते, हा त्याचा सरळ अर्थ. झरीच्या पोडावरील आईची बोटे जमैकातील आईपेक्षा वेगळी नाहीत.

ज्यांच्यावर शस्त्रक्रिया अटळच असते, त्यांच्यासाठीही आजार आधी माहीत असणे निर्णायक ठरते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी रक्त देऊन हिमोग्लोबिन १० पर्यंत आणलेल्या सिकलसेल रुग्णांत गुंतागुंत निम्म्याहून कमी आढळली. त्याहून अधिक वाढविणेही बरे नव्हे. रक्त घट्ट होऊन पुन्हा वाहिन्या अडतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे उद्दिष्ट ठेवले आहे. या तपासणीचे कार्ड मिळाल्यावर ते पत्र्याच्या पेटीच्या तळाशी जाते. पोट दुखू लागलेल्या रात्री ते रुग्णाच्या खिशात असले पाहिजे.

सिकलसेलखेरीजही पोटदुखीचे सोंग घेणारे आजार या तालुक्यात आहेत. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट धरून उठतो, एखादी वांती होते, अंगावर दंशाची खूण कोठेही दिसत नाही. दोन-तीन तासांनी पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही. हा मण्यार सापाचा दंश असतो. तिचे दात इतके बारीक असतात की झोपेत चावल्याचे कळतही नाही. अशा रुग्णाला अपचनाचे औषध देऊन घरी ठेवणे म्हणजे त्याचा श्वास थांबण्याची वाट पाहणे होय. त्याला सर्पविषावरील लस हवी आणि श्वासोच्छ्वासाची सोय असलेले रुग्णालय हवे. दुसरे सोंग फवारणीचे. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, हे कोणी विसरलेले नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेत पोटात मुरडा येतो, वांत्या-जुलाब होतात. सोबत तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. दुपारी शेतात काय केले, एवढा एक प्रश्न विचारला तरी निदान होते. तिसरा, आमांशाच्या जंतूंनी यकृतात होणारा गळू. ताडी पिणाऱ्यांत तो अधिक दिसतो. उजव्या बरगडीखाली दुखणे व ताप ही त्याची खूण. बहुतेक रुग्ण औषधाने आणि गरज पडल्यास सुईने पू काढून बरे होतात. पोट फाडण्याची वेळ क्वचितच येते.

आता शस्त्र ज्यांना टाळता येत नाही त्यांच्याविषयी. त्यांतला सर्वांत परिचित रुग्ण म्हणजे जठराला अथवा त्यापुढील आतड्याला छिद्र पडलेला कष्टकरी पुरुष. तंबाखू, बिडी, दारू, उपाशीपोटी काम, आणि अंगदुखीसाठी दुकानातून सर्रास घेतलेल्या गोळ्या. जठरातील व्रणाचे मूळ बहुतांशी एका जीवाणूत आहे, हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना २००५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. वेदनाशामक गोळ्या हे त्याचे दुसरे मोठे कारण. असा रुग्ण ज्या क्षणी छिद्र पडले तो क्षणही अनेकदा सांगतो, कारण सुरी खुपसल्यासारखी ती वेदना असते. पोट फळीसारखे कडक होते. उभे करून छातीचा साधा क्ष-किरण फोटो काढला तर श्वासपटलाखाली हवेची चंद्रकोर दिसते, आणि एवढ्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय होऊ शकतो. पहिल्या सहा-आठ तासांत छिद्र शिवले तर बहुसंख्य रुग्ण वाचतात. दिवस उलटला की प्रत्येक तासागणिक जंतुसंसर्ग रक्तात पसरत जातो.

तो दिवस कोठे जातो? फिरत्या मोटारसायकलवरून येणाऱ्या पदवीहीन ‘डॉक्टर’च्या इंजेक्शनात. त्यात अनेकदा स्टेरॉईड असते. रुग्णाला हुशारी वाटते, पोटाचा कडकपणा कमी भासतो, नातलग निर्धास्त होतात आणि आत विष पसरत राहते. येथे एक खुलासा आवश्यक आहे. रुग्णालयात निदानापूर्वी वेदनाशामक देऊ नये, त्याने लक्षणे झाकली जातात, असे पूर्वी मानले जाई. आता तसे मानले जात नाही. योग्य मात्रेतील वेदनाशामकाने निदान बिघडत नाही, हे अभ्यासांनी दाखविले आहे. रुग्णाला तळमळत ठेवण्याचे कारण नाही. घातक असते ते नाव न सांगता दिलेले स्टेरॉईड. विदर्भाच्या आदिवासी पट्ट्यात, विशेषतः मेळघाटात, लहान मुलांच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची रीत आढळते. तिचा निषेध सारे करतात, कारण डाग दिसतो. इंजेक्शनाचा डाग दिसत नाही, म्हणून ते आधुनिक उपचारांत मोडते!

अ‍ॅपेंडिक्सबाबत गेल्या दहा-बारा वर्षांत मोठा बदल झाला आहे. फिनलंडमध्ये २०१५ साली आणि अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत निवडक रुग्णांना केवळ प्रतिजैविकांवर ठेवून पाहिले गेले. अमेरिकी चाचणीत दहांतील सुमारे तिघांवर तीन महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया करावीच लागली. फिनलंडमधील रुग्णांत पाच वर्षांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांजवळ गेले. शहरात, दहा मिनिटांवर रुग्णालय असलेल्या माणसासाठी हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे. ज्याच्या वस्तीला पावसाळ्यात नाल्याच्या पुरामुळे वाट उरत नाही, त्याला ‘पुन्हा दुखले तर या’ असे सांगून पाठविणे हा निराळा व्यवहार झाला. अशा रुग्णाचे अ‍ॅपेंडिक्स पहिल्याच वेळी काढून टाकणे अधिक शहाणपणाचे. संशोधन फिनलंडचे असो वा अमेरिकेचे, ते वापरताना गावची वाट मोजावी लागते.

स्त्रियांच्या पोटदुखीत एक प्रश्न कधीही चुकवू नये : पाळी केव्हा आली होती? गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत वाढला आणि नळी फुटली तर पोटात लिटरभर रक्त साचते. बाहेर थेंबही दिसत नाही. चक्कर, फिकटपणा, खांद्यात दुखणे, एवढीच खूण. आशा भगिनीच्या पिशवीतील ‘निश्चय’ किटवर लघवीचे दोन थेंब टाकले तरी संशय पक्का होतो. मग यवतमाळपर्यंतचा प्रत्येक थांबा रक्ताची सोय पाहूनच निवडावा.

यंत्रांची आवश्यकता कोणी नाकारत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९७२ पासून दुर्बिणीने पोटात डोकावून निदान करण्यास आरंभ केला. स्कॅन दुर्मीळ असलेल्या देशात यकृत, क्षयाच्या गाठी, कर्करोगाचा प्रसार हे सारे एका लहान छिद्रातून डोळ्यांनी पाहता येते आणि अकारण पोट फाडणे टळते, हा त्यामागील विचार होता. १९९० साली त्यांनी भारतातील पहिली दुर्बिणीद्वारे पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. श्रीमंतांची चैन म्हणून अनेकांनी तिची संभावना केली. उदवाडियांचे म्हणणे उलट होते : रोजंदारीवर जगणाऱ्याला आठ दिवसांत कामावर परतणे अधिक गरजेचे, म्हणून हे तंत्र गरिबाचे आहे. त्यांनी ते लहान गावांतील शल्यचिकित्सकांपर्यंत नेले. २०१७ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २०२३ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. पाठीत भूल देऊन, कमी दाबाच्या वायूने अथवा वायूशिवाय दुर्बिणीची शस्त्रक्रिया करण्याचे प्रयोग आज ग्रामीण भारतात होत आहेत. तालुक्याला एक शल्यचिकित्सक, एक भूलतज्ज्ञ आणि रक्तसाठा एकाच वेळी उपलब्ध असला, तर त्यांतील बरेच काही झरीतही अशक्य नाही. या तिघांपैकी दोनच असले तर शस्त्रक्रियागृह कुलूपबंद राहते.

खर्चाची भीती हेही विलंबाचे मोठे कारण. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पोटाच्या अनेक शस्त्रक्रिया अंतर्भूत आहेत आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे. तरी बैल विकावा लागेल या धास्तीने रुग्ण दोन दिवस घरी ठेवला जातो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड कोठे ठेवले आहे, हे घरातील एकाहून अधिक माणसांना ठाऊक असणे, हाही शल्यचिकित्सेचाच भाग मानावा लागेल.

रुग्णासोबत एक साधा कागद धाडण्याची पद्धत शिक्षक, आशा भगिनी आणि गावच्या तरुणांना आजच सुरू करता येईल. दुखणे कोणत्या वेळी आणि कोठे सुरू झाले, आता कोठे आहे, शेवटचे जेवण, शेवटची लघवी, शौच व वारा सरला की नाही, वांतीचा रंग, दिवसभरात फवारणी केली होती का, जमिनीवर झोपला होता का, कोणती गोळी, कोणते इंजेक्शन, कोणी आणि केव्हा दिले, स्त्री असल्यास पाळीची तारीख, सिकलसेलची तपासणी झाली आहे का आणि तिचा निकाल काय. इंजेक्शनाची रिकामी कुपी सापडली तर तीही कागदासोबत पुडीत बांधून द्यावी.